वाचकांचे प्रश्न : गर्भाशयाचे आजार आणि उष्णतेचे उपचार

गेल्या काही महिन्यांत ठाणे, कळवा, कोपरखैरणे, वाशी या पट्ट्यातून आलेल्या पत्रांत एक प्रश्न वारंवार येत आहे. पोट न उघडता, ध्वनिलहरींनी किंवा उष्णतेने गर्भाशयाचे आजार बरे होतात असे ऐकले आहे, ते कितपत खरे आहे, असे अनेकींनी विचारले आहे. त्यांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. उत्तरे पत्रातील माहितीवर बेतलेली असल्यामुळे प्रत्यक्ष तपासणीला ती पर्याय नाहीत.

प्रश्न : माझे वय ४१ असून मी ठाण्यात नौपाड्यात राहते. दोन्ही मुले सिझेरियनने झाली. दीड वर्षापासून पाळीत खूप अंगावरून जाते आणि हिमोग्लोबिन ८.२ आहे. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीत ६ सेंटिमीटरची फायब्रॉइडची, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची कर्करोग नसलेली, गाठ दिसली. डॉक्टरांनी पिशवी काढून टाकायला सांगितले आहे. माझ्या नणंदेच्या ओळखीतील एका बाईंनी ‘हायफू’ नावाचा उपचार घेतला आणि त्या दुसऱ्या दिवशी घरी आल्या. मला तो घेता येईल का? त्याला मेडिक्लेम मिळतो का?

उत्तर : गाठीकडे वळण्याआधी हिमोग्लोबिनकडे पाहू. देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५७ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आढळले आहे. तो इतका सर्रास आहे की जिना चढताना धाप लागणे, संध्याकाळपर्यंत पाय ओढू लागणे या तक्रारी ‘बायकांना असतेच’ म्हणून घरात कोणी मनावर घेत नाही. तुमचा रक्तक्षय गाठीचा निर्णय होईपर्यंत तसाच ठेवायचा नाही. लोहाच्या गोळ्या, त्या सोसत नसतील तर शिरेतून लोह, आणि पाळीच्या दिवसांपुरते रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे उपचार तुमचे डॉक्टर याच आठवड्यात सुरू करू शकतात. त्यामुळे अंगात ताकद येईलच, शिवाय घाईघाईने होकार देण्याची वेळ येणार नाही.

आता हायफू. सोनोग्राफीत वापरतात त्याच जातीच्या, परंतु कितीतरी पट तीव्र ध्वनिलहरी यात एका बिंदूवर एकवटल्या जातात. लहरी पोटाच्या कातडीवर मोठ्या क्षेत्रात पसरून आत शिरतात, त्यामुळे वाटेतल्या ऊतींना त्यांची झळ फारशी लागत नाही. त्या जेथे एकत्र येतात त्या काही मिलिमीटरच्या जागी मात्र तापमान काही सेकंदांत ६० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अंडे उकडले की त्याचा पांढरा भाग घट्ट होतो, तसे तेथील पेशींतील प्रथिनांचे होते आणि पेशी मरतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००४ मध्ये इस्रायलच्या इनसाइटेक कंपनीच्या यंत्राला फायब्रॉइडसाठी मान्यता दिली. त्या पद्धतीत रुग्ण एमआरआयच्या आतच असतो आणि प्रत्येक झोताच्या वेळी गाठीचे व आसपासच्या अवयवांचे तापमान पडद्यावर दिसत राहते. चीनमधील चोंगचिंग येथे विकसित झालेल्या दुसऱ्या पद्धतीत नेम धरण्याचे काम सोनोग्राफी करते. ही पद्धत सुटसुटीत आहे, परंतु तीत तापमान असे मोजता येत नाही.

‘दुसऱ्या दिवशी घरी’ हे खरे असले तरी प्रत्यक्ष उपचार वाटतो तितका किरकोळ नाही. आदल्या दिवशी आतडी रिकामी करण्याचे औषध दिले जाते. बेंबीखालचे केस काढून कातडी तेलकटपणा जाईपर्यंत पुसली जाते, कारण केसांत अडकलेला हवेचा बुडबुडाही लहरी अडवतो आणि तेथे कातडी भाजू शकते. लघवीची नळी घातली जाते. त्यानंतर पाण्याच्या किंवा जेलच्या थरावर पोट टेकवून, पालथे आणि अजिबात न हलता, गाठीच्या आकारानुसार तीन-चार तासही पडून राहावे लागते. झोपेची औषधे देतात, पण पूर्ण भूल सहसा देत नाहीत. कंबरेत किंवा पायात कळ आली, पोटावर चटका बसला, तर रुग्णाने तत्काळ सांगणे हा सुरक्षिततेचाच भाग असतो आणि त्यासाठी हातात थांबवण्याचे बटण दिलेले असते. गर्भाशयाच्या मागून पायाकडे जाणाऱ्या नसा गरम झाल्या तर काही दिवस, क्वचित काही आठवडे, पायात मुंग्या किंवा दुखणे राहू शकते. आतड्याला इजा होणे फार विरळा, पण झाली तर ती गंभीर असते.

तुमची दोन्ही बाळंतपणे सिझेरियनने झाली असल्यामुळे एक गोष्ट आवर्जून विचारा. पोटावरील व्रणाची ऊत निरोगी कातडीपेक्षा जास्त ऊर्जा शोषते आणि तेथे भाजण्याचा धोका वाढतो. लहरींची वाट व्रणातून जाणार की त्याला चुकवता येणार, आणि गर्भाशय व पोटाची भिंत यांच्यामध्ये आतड्याचा वेढा आला आहे का, हे एमआरआय पाहूनच ठरते. केवळ सोनोग्राफीच्या रिपोर्टवर कोणी उपचाराची तारीख देत असेल, तर ती घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

एमआरआयमधून आणखी एक माहिती मिळते आणि माझ्या दृष्टीने तीच निर्णायक आहे. टी-टू नावाच्या प्रतिमांत गाठ काळपट दिसत असेल तर ती तंतुमय आणि कमी पाण्याची असते. अशी गाठ उष्णता धरून ठेवते आणि उपचार चांगला लागू पडतो. ती पांढरट, उजळ दिसत असेल तर तीत पाणी आणि पेशी जास्त असतात, उष्णता टिकत नाही आणि पैसे व त्रास दोन्ही वाया जाण्याची शक्यता वाढते. रिपोर्टमध्ये या उजळपणाचा उल्लेख नसेल तर रेडिऑलॉजिस्टना तो लिहून द्यायला सांगा.

उपचारानंतर गाठ नाहीशी होते हा समजही मनातून काढावा. मेलेली ऊत शरीर हळूहळू शोषून घेते, त्यामुळे गाठ सहा महिने ते वर्षभरात आक्रसत जाते आणि रक्तस्राव त्याच गतीने कमी होतो. जो भाग जिवंत राहतो तो पुन्हा वाढू शकतो. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत कण सोडून गाठीचे रक्त तोडण्याचा उपचार, म्हणजे एम्बोलायझेशन, फायब्रॉइडसाठी १९९५ पासून ज्ञात आहे. त्याची आणि एमआरआयच्या मार्गदर्शनाखालील हायफूची तुलना करणारा एक अमेरिकी अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन वर्षांच्या आत पुन्हा काही उपचार करावा लागण्याचे प्रमाण एम्बोलायझेशननंतर १३ टक्के, तर हायफूनंतर ३० टक्के होते. अभ्यास शंभराहून कमी महिलांचा होता, त्यामुळे आकडे अंतिम मानू नयेत. पण हायफू निवडायचे तर ते ही शक्यता ठाऊक ठेवूनच निवडावे.

या सर्व पत्रांना लागू असलेला मुद्दा येथेच सांगते. शस्त्रक्रियेने काढलेली गाठ पॅथॉलॉजीच्या टेबलावर जाते. उष्णतेने मारलेली गाठ पोटातच राहते आणि ती नेमकी कशाची होती हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. फायब्रॉइड म्हणून शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० महिलांपैकी एकीमध्ये ती गाठ प्रत्यक्षात सार्कोमा नावाचा कर्करोग निघतो, असा अंदाज अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये मांडला होता. शक्यता कमी आहे आणि तुमच्या वयात तर आणखी कमी. तरीही गाठ झपाट्याने वाढत असेल, एमआरआयमध्ये कडा अस्पष्ट असतील किंवा पाळी गेल्यानंतर गाठ वाढली असेल, तर उष्णतेचा उपचार घेऊ नये. पाळी अनियमित असेल तर आतल्या अस्तराचा तुकडाही आधी तपासून घ्यावा.

पिशवी काढण्याचा सल्ला चुकीचा आहे असे मी पत्रावरून म्हणणार नाही. मूल नको असलेल्या आणि अनेक गाठी असलेल्या बाईसाठी तो कायमचा तोडगा असतो. परंतु तो पहिला आणि एकमेव पर्याय म्हणून समोर ठेवला गेला असेल, तर दुसरे मत घेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याबाबत केंद्राने तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. दुसरे मत मागितल्याने डॉक्टरांचा अपमान होतो, ही भीड बाजूला ठेवा.

मेडिक्लेमचे उत्तर बहुतांशी होकारार्थी आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ च्या परिपत्रकात ज्या आधुनिक उपचारांना विम्याच्या कक्षेबाहेर ठेवता येणार नाही असे म्हटले, त्यांच्या यादीत एम्बोलायझेशन आणि हायफू ही दोन्ही नावे आहेत. मात्र कंपनी त्यासाठी वेगळी कमाल मर्यादा ठेवू शकते, आणि फायब्रॉइडसाठी बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. त्यामुळे रुग्णालयाचे अंदाजपत्रक जोडून कंपनीकडून आधी लेखी मंजुरी घ्यावी.

प्रश्न : वय २९, लग्नाला दीड वर्ष झाले, घोडबंदर रस्त्याला राहते. नियमित तपासणीत ४ सेंटिमीटरची गाठ गर्भाशयाच्या बाहेरच्या बाजूला दिसली. त्रास काहीही नाही. आता मूल हवे आहे. सासूबाई म्हणतात की आधी गाठ जाळून घे, मग दिवस राहू देत.

उत्तर : तुमच्या सासूबाईंची काळजी मी समजू शकते, परंतु तुम्ही वर्णन केलेल्या गाठीला आज कोणत्याच उपचाराची गरज दिसत नाही. फायब्रॉइड अतिशय सामान्य आहेत आणि त्यांपैकी बहुतेक कधीच त्रास देत नाहीत. बाहेरच्या बाजूला असलेली, पोकळीला न दाबणारी गाठ सहसा दिवस राहण्याच्या आड येत नाही. जी गाठ पोकळीत डोकावते तिचे वेगळे, आणि ती असेल तर योनिमार्गे दुर्बीण घालून काढता येते.

हायफूनंतर गर्भधारणा झाल्याच्या आणि निरोगी मुले जन्मल्याच्या नोंदी आहेत. तरीही मूल हवे असलेल्या स्त्रीची गाठ खरोखरच काढायची झाली, तर गाठ कापून काढून गर्भाशय शिवण्याच्या शस्त्रक्रियेचा अनुभव कितीतरी मोठा आहे, आणि आज मी तिलाच प्राधान्य देईन. उष्णता दिलेल्या गर्भाशयाची भिंत बाळंतपणात कशी वागते, याची माहिती अजून तुलनेने तोकडी आहे. ज्या गाठीचा त्रासच नाही तिच्यासाठी ही अनिश्चितता ओढवून घेऊ नये. फॉलिक ॲसिड सुरू करा आणि निर्धास्तपणे प्रयत्न करा. दिवस राहिल्यावर गाठीचा उल्लेख असलेला हा रिपोर्ट पहिल्याच भेटीत दाखवा. गरोदरपणात अशी गाठ कधी कधी दुखते, त्यावर सहसा विश्रांती आणि वेदनाशामक पुरते.

प्रश्न : माझ्या सुनेला पाचवा महिना आहे. ध्वनिलहरींनी गाठ जाळतात हे वाचल्यापासून मला सोनोग्राफीची धास्ती वाटते. बाळाला चटका बसत नाही ना? (ऐरोली)

उत्तर : नाही. निदानाच्या सोनोग्राफीत लहरी एका बिंदूवर तापवण्यासाठी एकवटलेल्या नसतात, आणि हायफूच्या केंद्रबिंदूवरील तीव्रता त्यांच्यापेक्षा हजार पटींहून अधिक असते. पाचव्या महिन्यातील तपासणी बाळाच्या अवयवांतील दोष शोधण्यासाठी केली जाते आणि ती चुकवू नये. केवळ हौसेखातर, व्हिडिओ काढण्यासाठी वारंवार सोनोग्राफी करणे मात्र योग्य नाही.

प्रश्न : मी ३८ वर्षांची असून वाशीत नोकरी करते. दोन बाळंतपणांनंतर योनिमार्ग सैल वाटतो, शिंकताना थोडी लघवीही होते. एका सौंदर्य चिकित्सालयाने ‘हायफूची एक बैठक, शस्त्रक्रिया नाही, सुट्टी नाही’ असे सांगून आगाऊ रक्कम मागितली आहे. हाच उपचार गर्भाशयाच्या गाठीसाठीही मान्य आहे असे तेथील समुपदेशक म्हणाल्या. घ्यावा का?

उत्तर : कृपया घेऊ नका. तेथे तुम्हाला जे सांगितले गेले ते दिशाभूल करणारे आहे, म्हणून हे उत्तर थोडे कठोर वाटले तरी चालेल. मान्यता नेहमी विशिष्ट यंत्राला आणि विशिष्ट आजारासाठी मिळते. फायब्रॉइडसाठी मान्य झालेले यंत्र आणि योनिमार्गात घालायची कांडी यांचे नाव सारखे असले, तरी एकाच्या पुराव्याने दुसरे सुरक्षित ठरत नाही. उष्णता, लेसर किंवा रेडिओ लहरी वापरून योनिमार्ग ‘टवटवीत’ करण्याच्या जाहिरातींबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ३० जुलै २०१८ रोजी सार्वजनिक इशारा दिला. या कारणासाठी अशा कोणत्याही साधनाची सुरक्षितता आणि उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि भाजणे, व्रण धरणे, संबंधाच्या वेळी दुखणे व कायमची वेदना अशा तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत, असे त्यात म्हटले होते. योनिमार्गाच्या पुढच्या भिंतीला लागून मूत्रमार्ग आणि मागच्या भिंतीला लागून गुदाशय असतो. अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचे असते. तेथे तापमान न मोजता उष्णता देणे मला धोक्याचे वाटते.

त्याहून मोठा आक्षेप असा की तुमच्या पत्रात तपासणीचा उल्लेखच नाही. शिंकताना लघवी होणे ही खरी वैद्यकीय तक्रार आहे. अंग खाली सरकले आहे का, लघवीत जंतुसंसर्ग आहे का, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू किती आकसतात, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना साध्या तपासणीत दहा-पंधरा मिनिटांत कळते. बाळंतपणानंतरच्या सैलपणात बहुतेक वेळा हे स्नायू कमकुवत झालेले असतात आणि त्यांचे व्यायाम हाच पहिला उपचार असतो. ते चुकीच्या पद्धतीने केले जातात, पोट आवळून किंवा श्वास रोखून, आणि मग उपयोग झाला नाही असे वाटते. म्हणून या विषयाच्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या आणि तीन महिने नियमित करा. लघवीची तक्रार त्यानंतरही राहिली तर तिच्यासाठी सिद्ध झालेली शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. रक्कम भरली नसेल तर भरू नका. भरली असेल तर पावतीसह लेखी अर्ज देऊन परत मागा.

प्रश्न : माझे वय ४५, कोपरखैरणे. गर्भाशयात गाठ नाही, पण पाळी दहा दिवस चालते आणि रक्ताच्या गुठळ्या पडतात. दुसऱ्या मुलानंतर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे. डॉक्टरांनी आतले अस्तर गरम फुग्याने जाळण्याचा पर्याय सुचवला आहे. पिशवी वाचेल म्हणून मला तो आवडला, पण भीती वाटते.

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी पिशवी काढण्याआधी हा पर्याय सुचवला याचे मला समाधान वाटते. यात गर्भाशयाच्या पोकळीत एक लवचीक फुगा घालून तो गरम द्रवाने भरतात. १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या अशा यंत्रात द्रवाचे तापमान सुमारे ८७ अंश असे आणि तो आठ मिनिटे ठेवला जाई. २००१ मध्ये मान्य झालेल्या दुसऱ्या पद्धतीत धातूच्या जाळीतून रेडिओ लहरींची उष्णता देतात आणि काम सुमारे दीड-दोन मिनिटांत होते. दर महिन्याला वाढून गळणारे अस्तर मुळापासून नष्ट करणे हा दोन्हींचा हेतू आहे. पोटावर टाका नाही, बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते, एक-दोन दिवस पोटात कळा येतात आणि दोन-तीन आठवडे पाण्यासारखा लालसर स्राव जातो. बहुतेकींचा रक्तस्राव चांगलाच कमी होतो. पाळी पूर्ण थांबेल असे आश्वासन मात्र कोणी देऊ नये.

पहिल्या उत्तरातील मुद्दा येथे अधिकच लागू होतो. ४५ व्या वर्षी दहा-दहा दिवस रक्तस्राव होत असेल तर अस्तर जाड झाले आहे का, त्यात कर्करोगाच्या आधीचे बदल आहेत का, हे अस्तराचा तुकडा तपासून आधी पाहिलेच पाहिजे. एकदा अस्तर जळाले की तपासायला काही उरत नाही. शिवाय पोकळीच्या भिंती व्रणाने चिकटतात, त्यामुळे पुढे कधी रक्तस्राव झाला तर आत पोहोचून तुकडा घेणेही अवघड जाते. बायोप्सीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय तारीख ठरवू नका. पाळी कायमची गेल्यानंतर रक्तस्राव होऊ लागला असेल, तर त्यावर हा उपचार कधीही करायचा नसतो.

कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेचा उल्लेख तुम्ही केलात हे बरे झाले. अस्तर जाळल्यानंतर गर्भाशयाच्या कोपऱ्यात थोडे अस्तर शिल्लक राहिले आणि नलिका बांधलेल्या असल्या, तर दर महिन्याला तेथे रक्त साचते. त्याला बाहेर यायला वाट नसते आणि एका बाजूला तीव्र कळा येतात. प्रत्येकीला असे होत नाही. परंतु आपल्याकडे या वयातल्या कितीतरी महिलांच्या नलिका बांधलेल्या असतात आणि ही शक्यता त्यांना क्वचितच सांगितली जाते. असा त्रास झाल्यास शेवटी पिशवी काढावी लागू शकते. दुसरीकडे, नलिका बांधलेल्या असणे तुमच्या बाजूचेही आहे, कारण अस्तर जाळल्यावर दिवस राहिले तर वार चिकटून आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका होतो. ज्यांच्या नलिका बांधलेल्या नाहीत त्यांना या उपचारानंतरही गर्भनिरोधक वापरावेच लागते.

आणखी एक पर्याय डॉक्टरांना विचारा. संप्रेरक सोडणारे, कॉपर-टीसारखे दिसणारे साधन गर्भाशयात बसवले की पाच वर्षे रक्तस्राव खूपच कमी राहतो, आणि नको वाटले तर ते काढता येते. पहिले काही महिने मधूनमधून डाग लागतात, त्याला कंटाळून अनेक जणी ते लवकर काढून घेतात. तुमची पाळी जायला फार वर्षे उरलेली नसावीत, त्यामुळे परत फिरता येईल असा उपाय आधी करून पाहावा, असा माझा कल आहे.

प्रश्न : माझी आई ४७ वर्षांची असून घरकामे करते, आम्ही कळव्याला राहतो. वस्तीतल्या आशाताईंनी तिला तपासणी शिबिरात नेले. तेथे गर्भाशयाच्या तोंडावर औषध लावल्यावर पांढरा डाग दिसला आणि त्याच दिवशी एका लहान यंत्राने ‘शेक’ दिला. आता तिला खूप पाणी जाते. तिला कॅन्सर झाला आहे का? घरी न विचारता लगेच उपचार केला म्हणून मामा रागावले आहेत.

उत्तर : तुम्ही लिहिता त्यावरून तुमच्या आईला कर्करोग असल्याचे दिसत नाही, तो होऊ नये म्हणून हा उपचार केला असावा. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक सर्व वेळा एचपीव्ही विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो, आणि संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास साधारणपणे पंधरा ते वीस वर्षांचा असतो. मधल्या काळातील बदललेल्या पेशींवर सौम्य ॲसिटिक आम्ल लावले की मिनिटभरात त्या पांढऱ्या दिसतात. तो डाग पूर्ण नजरेस येत असेल, आतल्या नलिकेत शिरलेला नसेल, गर्भाशयमुखाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग व्यापत नसेल आणि कर्करोगाची शंका नसेल, तर सुमारे १०० अंशांपर्यंत तापलेले टोक तेथे २० ते ३० सेकंद टेकवून तो थर नष्ट करतात. गर्भाशयमुखाला वेदना कमी जाणवतात, म्हणून भुलीशिवायही हे करता येते. ही पद्धत जर्मनीत १९६० च्या दशकात कुर्ट झेम यांनी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिच्या वापराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केल्यापासून, आणि बॅटरीवर चालणारी हातात मावणारी यंत्रे आल्यापासून, पेशी गोठवण्याच्या जुन्या पद्धतीला लागणारे गॅसचे सिलिंडर न वाहता वस्तीतल्या शिबिरातही हा उपचार देता येऊ लागला.

मामांचा राग एका बाबतीत रास्त आहे: आईला काय दिसले, काय करणार आणि नंतर काय होईल, हे सांगून तिची संमती घेतलेलीच असली पाहिजे. तिला विचारले होते का, ते तिलाच विचारा. घरच्यांच्या परवानगीसाठी थांबण्याची मात्र गरज नव्हती. निर्णय तिचा आहे. ‘आज तपासणी, पुढच्या महिन्यात उपचार’ असे केले की दिवसाची मजुरी बुडते, रुग्णालयाचा फेरा चुकतो आणि मोठ्या संख्येने महिला परत येतच नाहीत. त्यामुळेच एकाच भेटीत दोन्ही करण्याची शिफारस आहे. तपासणीचा फायदा आपल्या राज्यातच सिद्ध झाला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या आणि टाटा स्मारक केंद्राच्या सहभागाने, सुमारे एक लाख तीस हजार महिलांचा अभ्यास झाला. एचपीव्हीची एकच तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हा त्याचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे. असे असूनही बहुतेक घरांत ही तपासणी अजून कोणाच्याच गावी नसते, याचे मला वाईट वाटते.

पाण्यासारखा स्राव चार ते सहा आठवडे जाणे अपेक्षित आहे. चार आठवडे शरीरसंबंध टाळावा, ते शक्य नसेल तर निरोध वापरावा, आत काही घालून धुऊ नये. जड हंडे आणि बादल्या उचलण्याचे काम काही दिवस कमी करता आले तर बरे. येथेही तुकडा काढलेला नसल्यामुळे पुढची तपासणी हाच उपचार पुरता झाल्याचा पुरावा असतो. ती साधारण बारा महिन्यांनी करायची असते आणि शक्य असल्यास एचपीव्ही चाचणीने करावी. शिबिराचे कार्ड जपून ठेवा आणि त्यावर उपचाराची तारीख नसेल तर आशाताईंकडून लिहून घ्या. तेव्हा पुन्हा डाग दिसला, तर तो भाग विजेच्या तारेने काढून प्रयोगशाळेत पाठवतात. तशी वेळ आल्यास महापालिकेच्या रुग्णालयातून पुढे पाठवणीची चिठ्ठी घ्या. खारघरला टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक संस्था तुमच्यापासून फार लांब नाही. ताप आला, स्रावाला घाण वास येऊ लागला, ओटीपोट सतत दुखू लागले किंवा पाळीपेक्षा जास्त रक्त गेले, तर शिबिराची किंवा आशाताईंची वाट न पाहता आईला त्याच दिवशी रुग्णालयात न्या.